नव्याचं पाणी कुठे पडणार

युमा, अ‍ॅरिझोना. जून संपत आलेला.
सकाळी नऊलाच पान्हा हातात धरवत नाही,
ओल्या फडक्यात गुंडाळून शिडी चढतो.
छपरावर ओफेलिया कीहुईसबाईंचा एसी,
एकोणीस वर्षांचा.
घशात काही अडकल्यासारखा घुरघुरतो, थांबतो,
पुन्हा घुरघुरतो.

झाकण उघडलं. पंख्याची मोटर जळालेली.
कॉम्प्रेसर अजून तगून आहे, पण वीज पितो
फुकट्या पाहुण्यासारखी.
गॅस गळतोय, कुठून ते त्यालाच ठाऊक.
हा गॅस आता बनत नाही. उरलाय तो
सोन्याच्या भावाने.
जुनं ते सोनं म्हणतात
ते बहुतेक ह्याच अर्थाने.

आमच्या धंद्यात एक हिशेब आहे,
आमच्या मुकादमाने, रूडीने, पहिल्याच आठवड्यात शिकवलेला:
यंत्राचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च.
आकडा पाच हजारांपुढे गेला
की डोळ्यांत न बघता म्हणायचं, नवा घ्या.
एकोणीस गुणिले नऊशे.
कागदसुद्धा लागला नाही.

खाली स्वयंपाकघरात मुद्दाम केलेला अंधार,
खिडक्यांना चंदेरी कागद,
टेबलावर बर्फाचं पातेलं, त्यावर रोखलेला पंखा.
बाहेर एकशे चौदा फॅरनहाइट, आत ब्याण्णव.
बाईंनी आधी पाणी दिलं, मग विचारलं,
"अजून किती दिवस काढील?"

मुलगा फोनवर, स्पोकेनहून.
"नवाच घे आई, अर्धे मी देतो."
तिकडे खिडकी उघडी असावी,
मागे पक्षी ऐकू येत होते.

"नव्याला दहा वर्षांची वॉरंटी," मी म्हणालो.
बाई हसल्या. "मी एक्क्याऐंशीची.
आधी कोण संपतं, लाव पैज."
मुलगा म्हणाला, "आई."
मी कॅटलॉगचं पान उलटलं.
सोफ्यावर एक अख्खं कुटुंब,
कुणालाच घाम नाही.

मग त्या म्हणाल्या, "चल, दाखवते."
मागच्या भिंतीशी, छपरावरून उतरलेल्या नळीखाली
हातभर पुदिना.
सगळ्या वाळूच्या अंगणात हिरवं असं तेवढंच.
तीन दिवस थेंब नाही, त्याने मान टाकलेली.
त्यांनी पातेल्यातलं वितळलेलं बर्फाचं पाणी
मुळाशी ओतलं, सावकाश.
"इतक्या वर्षांत ह्याला कधी वेगळं पाणी घातलं नाही.
नव्याचं पाणी कुठे पडणार?"

नव्याचं पाणी बंद पाइपातून मोरीत जातं.
हे माझ्या गुणाकारात नव्हतं.

"तुझ्या आईकडे असता तर काय केलं असतंस?"

माझ्या आईकडे, सॅन लुईसला, खिडकीतला एसी आहे,
खाली विटेचा तुकडा लावून तोललेला.
दर मे महिन्यात मी तिला सांगतो, ह्या वर्षी बदलू.
हे काही बोललो नाही.
म्हणालो, "नवा घ्या. ह्याच्याने जुलै निघणार नाही."
खरं होतं ते.
खोटं बोलायला आवडलं असतं मला.

सही त्यांनी एका दमात केली.
फक्त खाली, 'इतर सूचना'च्या रकान्यात,
जिथे लोक लिहितात कुत्रा चावतो, फाटक लावून घ्या,
तिथे लिहिलं: नळी इथेच.

गुरुवारी बसवला. क्रेनचे दोनशे वेगळे.
जुना उतरताना त्याच्या पोटातून
मूठभर वाळू सांडली, आणि होल्याचं एक पीस.
मोरीला जोड दिला नाही मी.
चार फूट जादा पाइप, तीन कोपरे,
आणि तपासनिसाला चालेल असं एक वळण.
ते बिलात नाही.

नवा इतका मुका की बाईंनी दोनदा छपराकडे बघून विचारलं,
"चालू आहे ना?"
मग आम्ही दोघं भिंतीशी उभे राहिलो.
पाच मिनिटं. दहा.
नळीचं तोंड कोरडं.
खिशात रूडीचा फोन वाजत होता,
दुसरं घर, दुसरा गुणाकार.
वाजू दिला.