घेवड्याचे तीन दाणे

हेडलीनं फाटकाशी आणून टाकली
घोड्याच्या लिदीची सहा पोती, निळ्या सुतळीनं बांधलेली.
"फुकट," म्हणाला.
फुकट ते पौष्टिक. पण कुणाला?

मॉरवेना ढिगापाशी उभी.
अंड्याची टरफलं चालतात, चहाचा चोथा चालतो,
करप्याचे बटाटे नाहीत, मांजराची वाळू तर नाहीच.
ही लीद मात्र...
घोड्यानं कुठलं गवत खाल्लं,
त्यावर कुणी काय फवारलं,
ते घोड्यालाही ठाऊक नाही.

कुंडीत मूठभर लीद मातीत कालवून
तिनं घेवड्याचे तीन दाणे टोकले.
कुंडी मागच्या खिडकीत,
हेडलीला दिसू नये म्हणून.

तीन आठवडे तो कुंपणावरून विचारतोय,
"घातलंस का?"
"वारा पडू दे," ती म्हणते.

आज दोन रोपं ताठ.
तिसऱ्याचं पान कडेनं जरा वळलंय
आत.
किंवा उजेडाकडे.