बसेल की!

कॅनडा कॉर्नरच्या गाळ्यात
बागूलनं लॅपटॉप पालथा घालून उघडला.
बारा वर्षांची धूळ, एक मेलेली मुंगी,
वाळक्या पेस्टखाली तो चौकोन.

सातपूरच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
मी शतांश मिलिमीटरवरून भांडलोय.
म्हटलं, सॉकेट तेच, पिना तेवढ्याच,
बसेल की!

"बसेल हो काका.
पण बायोसच्या यादीत नाव नाही याचं."

"नाव कशाला? माप बघ."

त्यानं बसवला.
स्क्रू अर्धा फेरा फिरला, जागच्या जागी,
माझ्या बोटांना कळतं तसा.
पंखा घुरघुरला.
पडदा काळाच.

सीबीएसच्या सिग्नलला
खिशातली डबी चाचपत राहिलो.
एक पिनही वाकलेली नव्हती.

घरी पद्मिनीनं विचारलं, बसला का?
बसला होता, म्हटलं,
चांगला पाच मिनिटं.