लावणे

अकराव्या दिवशी ब्रिजिता सिस्टर आली,
मालवणहून सर्जेकोटला, स्कूटीवरून.
हेल्मेट काढलं तर केसांत वाळू.
पिशवीत वजनकाटा, एक जाडजूड रजिस्टर,
आणि लोकरीचा विणलेला स्तन,
तपकिरी, मधोमध गडद बटण.
सासूने तो बघितला
आणि पदर स्वतःच्याच तोंडावर घेतला.

तोवर सगळं करून झालं होतं.
अळीव झाले, डिंक झाला,
मोरीचं कालवण सलग पाच दिवस,
मीठमोहऱ्या चुलीत तडतडून झाल्या.
आणि कोनाड्यात, देवाच्या शेजारीच,
पावडरीचा डबा येऊन बसला होता,
झाकण न उघडलेला.

मी पतसंस्थेत पाच वर्षं
दुसऱ्यांच्या ठेवी मोजल्या,
एका पैशाचा फरक राहू दिला नाही.
इथे रोज संध्याकाळी
"पुरणा नाय तिका,"
एवढाच हिशेब.
भेगा पडल्या होत्या.
तिने तोंड उघडायच्या आधीच
माझ्या पायाची बोटं आखडायची.

सिस्टरने आढ्याच्या कडीला काटा टांगला,
झोळीत पोर घातली.
लिलावात सुरमई तोलतात तसं
सगळं घर आकड्याकडे बघू लागलं.
दोन किलो तीनशे.
जन्मली तेव्हापेक्षा दोनशे कमी.
वाटलं, आता ही डब्याकडे बघणार.
तिने माझ्या खांद्यांकडे बघितलं.
"किती वर चढवलंस गो हे. उतरव."

मग उशी. मग पाठ टेकणं.
मग लोकरीच्या बटणावर तिचं बोट:
नुसतं टोक नाही, हा सगळा काळा भाग
तोंडात जायला हवा.
नाक इथे समोर. हनुवटी आधी.
मी वाकले.
"तू नको वाकू."
मी पुन्हा वाकले.
"तू नको गो वाकू."
तिसऱ्यांदा रडू आलं,
आधी पोरीला की मला, आठवत नाही.

आणि ओटीवरून, जाळं सांधता सांधता,
मामंजी,
ज्यांनी बाळंतिणीच्या खोलीकडे
अकरा दिवस मानसुद्धा वळवली नव्हती,
जाळ्यालाच सांगितल्यासारखे बोलले:
"होडी धक्क्याक लावतत गो.
धक्को होडयेकडे जाणा नाय."

सासूने कपाळाला हात लावला.
सिस्टर अशी हसली
की रजिस्टर मांडीवरून घसरलं.
"सतरा वर्सां सांगतंय मी,
ह्या कधी सुचूक नाय."

मी मागे टेकले. धक्का झाले,
दगड, शेवाळ, खारं पाणी, सगळं.
तिचं तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबलो,
आणि सिस्टरच्या तळहाताने
तिची पाठ माझ्याकडे आणली,
थोडी तिरकी, हनुवटी आधी.
दुखलं.
मग दुखायचं थांबलं.
गालाला पडणारा खड्डा पडेना,
आणि घशातून एक बारीक आवाज,
क्, मग थांबा, मग क्.
"गिळतेय," सिस्टर म्हणाली
आणि घड्याळ न बघता बसून राहिली.

डब्याबद्दल ती जाताना बोलली,
सासूशी, माझ्याशी नाही:
"टाकू नका. लागला तर मीच सांगेन,
त्यात शरम कसली.
पण आधी गुरुवारी काटा बघू."
रजिस्टरात बरंच लिहिलं.
मला उलटं वाचता आलं नाही.

गुरुवारी साठ ग्रॅम वाढले.
पुढच्या आठवड्यात डावीकडे गाठ, ताप,
आणि सिस्टर पुन्हा, केसांत पुन्हा वाळू.
सासू अजून पोरीच्या रडण्यावरून
माझं माप काढते.
मामंजी त्या दिवसापासून
माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत,
मोरी मात्र येते घरात.

"रात्री दोनलाही उचलेन," ती म्हणाली होती.
रात्री दोनला मी फोन लावला.
सांगायचं काही नव्हतं.
तीही काही बोलली नाही.
तिच्याकडे पंखा, माझ्याकडे गाज,
आणि मधे
क्.

क्.