बाद थेंब

ब्राउनश्वाइगच्या पवनबोगद्यात
दोन हिरवे किरण एकमेकांना छेदतात
तिथे तांदळाच्या कणीएवढी जागा उजळते,
पट्ट्यापट्ट्यांची, चटईसारखी.
बस्स, तेवढंच आमचं नाकं.
नोझलमधून सुटलेला थेंब तिथून गेला की लुकलुकतो,
आणि दोन शोधकांना ती लुकलुक
जरा मागेपुढे पोचते.
त्या मागेपुढे होण्यातून त्याची जाडी निघते.
थेंबाला पत्ताही लागत नाही
की आपण मोजले गेलो.

विबके तामके हे सगळं एका हाताने चालवते,
दुसऱ्या हातात गार कॉफी.
शंभर मायक्रॉनच्या खालचे, ती म्हणते,
झाडावर बसतच नाहीत,
हातावर तुरी देऊन शेजारी जातात.
शेजारी म्हणजे तिच्या गावी, एल्बेकाठी,
चरापलीकडे, क्वास्टच्या मधमाश्यांच्या पेट्यांवर.

तिचा बाप सफरचंदाच्या फांद्यांना
कपड्यांच्या चिमट्यांनी पिवळे कागद लावायचा.
फवारणी झाली की पिवळ्यावर निळे ठिपके.
ती भिंग घेऊन मोजायची,
शंभर ठिपक्यांना एक फेनिग.
एकदा त्याने एक कागद चरापलीकडे लावला.
एकवीस आले.
त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली,
आणि रात्री जेवताना कुणाशी बोलला नाही.

आज पडद्यावर: मोजले, दहा हजार.
खाली बारीक अक्षरांत: बाद, चारशे बारा.
हे कोण? मी विचारलं.
गोल नव्हते ते.
लांबलेले, डुचमळत निघालेले,
आणि कणीएवढ्या जागेत जे दोघे एकदम आले.
यंत्राला एका वेळी एकच कळतो.
दोघे आले की दोघेही बाद.

पंखा बंद केल्यावर
उरलेले तुषार खाली बसेपर्यंत
अकरा मिनिटं दार उघडायचं नाही, असा नियम.
त्या अकरा मिनिटांत तिने पर्समधून
प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढला.
कडा बापाच्या घामाने निळ्या पडलेल्या.
एकवीस, ती म्हणाली.
मी मोजले. माझे बावीस आले.
घडीवरचा एक ठिपका लांबट होता,
बहुधा दोघे एकदम पडलेले.

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.
हं, म्हणाली.
अजून चार मिनिटं होती.