पाऊण फेरा

रुस्तावीत आमच्या इमारतीमागे
पत्र्याच्या गॅरेजांची रांग आहे.
सतरा नंबरात, लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या ओपेलखाली
मी उताणी पडले आहे सकाळपासून,
आणि फिल्टर हूं की चूं करत नाही.

हा मालखाझनं बसवलेला.
ट्रक चालवायला पोलंडला जाण्याच्या आदल्या रात्री,
टॉर्च दातांत धरून.
मी म्हणाले होते, पुरे आता.
त्यानं आणखी एकदा पाना घातला.

नुसत्या हातानं झालं नाही.
कामावरचे निळे हातमोजे घालून झालं नाही.
पॉलिशपेपर गुंडाळला, तो माझ्याच तळव्याला सोलत गेला.
वडिलांचा कमरपट्टा आवळून त्यात दांडा पिळला:
पट्टा तुटला.
मग मनात आलं, खालून बघताना
उलटं म्हणजे नेमकं कुठलं?
अर्धा तास मी घट्टच करत होते की काय!
पडल्या पडल्या हवेत एक बरणी धरली,
तिचं झाकण उघडलं.
नाही, दिशा बरोबर होती.

मालखाझ फोनच्या पडद्यावर,
मागे लुब्लिनजवळचा कुठलातरी ट्रकतळ, पाऊस.
"स्क्रूड्रायव्हर ठोक आरपार."
ठोकला.
पत्रा फाटला,
उरलंसुरलं काळं तेल मनगटावरून कोपरात,
कोपरावरून काखेत, कोमट.
फिल्टर तिथंच. लक्तरं झालेला, पण तिथंच.

"इतकं का आवळलंस रे?"
त्याच्या काचेवरचे वायपर दोनदा गेले, आले.
"गळलं असतं तर?
मी नसताना. रात्री रस्त्यात, तू एकटी."

मी घरोघर जाऊन सलाईन लावते.
दंडाला पट्टा किती आवळायचा
ते माझ्या बोटांना विचारावं लागत नाही:
शीर वर येईल इतका,
हात निळा पडेल इतका नाही.
हे त्याला सांगणार होते, तेवढ्यात रेंज गेली.

ओतारी आला शेजारच्या गॅरेजातून,
जिथं गाडी नाही, नुसती वाइनची पिंपं.
पोलादाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस,
हातात बोथट छिन्नी.
ती काठाला तिरकी लावली
आणि झोपलेल्या घराचं दार वाजवावं तसं
टक. टक.
त्याच जागी, पुन्हा. जोर नाहीच.
तोंडानं द्राक्षांचा भाव चालू होता, जावयाची तक्रार चालू होती.
बाराव्या की तेराव्या ठोक्याला
चकती केसभर सरकली.
केसभरच.
मग दोन बोटांनी फिरली गरगर,
जशी कधी अडलीच नव्हती.
मला तिचा रागच आला.

जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलं होतं,
नखानं खरवडून काढलं.
नव्याच्या कडेवरून तेलाचं बोट फिरवलं.
टेकेपर्यंत हातानं,
मग पाऊण फेरा.
आणि हात काढून घेतला.
तो काढून घेणं, ओतारी म्हणाला, हे खरं काम.

संध्याकाळी फोन.
"घट्ट बसवलास ना? पाना घातलास?"
"घातला," मी म्हणाले.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला.
सकाळी त्यावर मांजराची काळी पावलं,
कालच्या सांडलेल्या तेलातून निघून
दारापर्यंत गेलेली.
इंजिनाच्या बरोबर खाली पुठ्ठा कोरडा.
फोटो काढला.
पाठवला नाही अजून.