तीस मीटर

इस्पितळाच्या लांब गॅलरीत दोन केशरी शंकू असायचे,
मध्ये तीस मीटर.
दर तीन महिन्यांनी ऋजुता त्यांच्यात सहा मिनिटं चालायची,
बोटाला चिमटा, केतकीबेनच्या हातात घड्याळ,
आणि बाकावर मी, खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी धरून.
हिच्या घामातून मीठ जातं.

मग गॅलरीच बंद झाली.
फोनवर केतकीबेन म्हणाल्या, घरात मोजा, किती भरतं.
मी ब्लाउजची टेप घेऊन अगाशीत गेले.
टाकीपासून कठड्यापर्यंत सात वेळा पसरली,
आठव्यांदा भिंत लागली.
साडेदहा मीटर.
शंकू कुठून आणणार? उत्तरायणातल्या दोन फिरक्या होत्या,
गुलाबी मांजा अजून गुंडाळलेला.
एक इकडे ठेवली, एक तिकडे.
"वळणं जास्त होतील," त्या म्हणाल्या,
"आकडा कमी येईल, घाबरू नका."
घाबरलेच मी.

जगाला तेव्हा नव्याने शिकवत होते:
लांब उभे राहा, तोंड झाका, हात धुवा.
आम्ही नऊ वर्षं तेच करत होतो.
एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला महागात पडतात,
म्हणून हिच्यासारखं दुसरं मूल
आम्ही जवळून कधी पाहिलंच नव्हतं.
एकदा लिफ्टचं दार उघडलं, आत एक मुलगा खोकत होता,
तसाच, चिकट, तळापासून.
परक्या मुलखात आपली बोली कानावर यावी
तसा मी तो खोकला ओळखला
आणि हिला ओढत जिन्याने गेले.

ती सगळी मुलं आता संध्याकाळी पाचला
आमच्या दांडिया बाजारातल्या घरात यायला लागली,
तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये.
आणंदची झैनब, भावनगरचा ध्रुविल,
छोटा उदेपूरचा एक जण, ज्याचं चित्र थिजायचं
आणि नुसत्या धापा ऐकू यायच्या.
बाटलीत पाणी, नळीतून बुडबुडे,
मग आरशावर वाफ धरतात तसा उघड्या घशाने हाऽ, हाऽ,
मग दोरीच्या उड्या, मग थुंकणं.
हो, थुंकणं. कविता आहे म्हणून ते गाळणार नाही.
जो जास्त काढेल त्याला टाळ्या.
शाळेत डब्याआधीच्या गोळ्या लपवून घेणारी माझी पोर
वाटी तिरकी करून पडद्याला दाखवायची,
"झैनब, बघ, आज हिरवं नाही!"

खालचे वसावडाकाका आधी काठीने छत ठोकायचे.
ती तापाने झोपली त्या दिवशी त्यांचा फोन आला,
आज उड्या का नाहीत?

सगळंच जमलं असं नाही.
पडद्यातून हात बाहेर येत नाही.
पाठीवर कुठे, किती, हे केतकीबेन
स्वतःच्या उशीवर थोपटून दाखवायच्या,
आणि माझ्या तळव्याला कळेना
उशी आणि बरगडी यांच्यातला फरक.
कितीदा उगीच जोरात बसलं. ती बोलली नाही.

दीड वर्षाने बोलावलं. तेच शंकू.
चारशे नव्वद. केतकीबेन म्हणाल्या, "वळते काय झकास!"
मी फिरक्यांबद्दल काही बोलले नाही.

खाली पार्किंगमध्ये ऋजुता थबकली.
पलीकडे लिंबाखाली, रिक्षाला टेकून, झैनब.
"एवढीशी आहे ही!" ऋजुता म्हणाली. "मला वाटलं उंच असेल."
तिकडून तिनेही हिच्याबद्दल आईला काहीतरी सांगितलं.
जवळ जायचं नाही हे दोघींना पाठ.
मग झैनबने हात वर केला, आणि दोघी आपापल्या जागी
उड्या मारायला लागल्या, मोठ्याने मोजत,
अकरा, बारा, हसू आलं, हसण्यातून खोकला,
दोन टोकांना दोन खोकले, तसेच, तळापासून.

ते दिवसच तसे होते.
स्कूटरवाले, फळवाला, व्हीलचेअर ढकलणारा वॉर्डबॉय,
सगळे भराभर भिंतीकडे सरकले.
क्षणात पार्किंग रिकामं.
दोघींमध्ये भरपूर जागा झाली.
"तेरा," झैनब ओरडली.