रिबिनीवर नाव नाही

वाळवीने चौकट खाल्ली म्हणून फोटो बाहेर काढला,
नाहीतर केरीच्या घरातल्या त्या खिळ्यावरून
तो हलला नसता.
एक कोपरा काचेला धरून बसला होता. सोलताना
पडद्यावरचं रंगवलेलं कारंजं तेवढं गेलं.
माणसं वाचली.

वर्ष कुणी लिहिलेलं नाही. वार मात्र शुक्रवार,
कारण बाजार सोडून आजी म्हापशाला
दुसऱ्या कशासाठी जायचीच नाही.
मधे खुर्चीवर गुणोकाका, पांढराशुभ्र,
गुडघ्यावर मुठी, जणू कुणीतरी मोजून ठेवलेल्या.
बाजूला बाबा, नऊ वर्षांचे. ऐन वेळी त्यांनी
टोपीकडे पाहिलं,
म्हणून त्यांना दोन चेहरे आहेत.

युद्ध नदीपलीकडचं होतं.
अलीकडे पाखल्यांचं राज्य, त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं,
आणि इंग्रजांचा गणवेश घालून हिंडणाऱ्याला
शिपाई विचारणार, तू कोणाचा?
काका रात्री आरोंद्याहून होडीने किरणपाण्याला उतरला,
पंचा नेसून.
गणवेश म्हापशाला गेला आजीच्या पाटीतून,
सुक्या बांगड्यांखाली, मेणकापडाच्या तीन घड्यांत.
स्टुडिओचं दार आतून लावलं
आणि अर्ध्या तासापुरता तो नौदलात होता.

टोपीच्या रिबिनीवर चार इंग्रजी अक्षरं, पुढे कोरं.
लढाईत बोटीचं नाव लिहीत नसत,
शत्रूला कळू नये म्हणून.
आम्हालाही कळलं नाही.

काय केलंस रे तिथे, विचारलं की म्हणायचा,
"दर्या झाडलो."
आम्ही पोरं लोळून हसायचो.
पुढे कधीतरी उमगलं ते असं:
बोटीमागे पोलादी दोर, पाण्याखालून ओढत न्यायचा,
पेरलेला सुरुंग सुटून वर आला
की लांबून गोळी.
एका खेपेला मागची बोट
मागे नव्हती.
एवढंच. तेही त्याने बाबांना सांगितलेलं,
तेही एकदाच, तेही पिऊन.

म्हणजे रापणच की.

रापण ओढायला सगळा वाडा दोराला लागायचा,
काका तेवढा लांब, सुरूच्या झाडांत,
बुंध्याआड अर्धा.
जाळ्याचा खोळ वाळूवर येईपर्यंत
तो श्वास घेत नसावा.
मासळी फडफडली की मान फिरवायचा.
आणि ज्या दिवशी खोळात शेवाळ, दोन कुर्ल्या,
बाया कपाळावर हात मारतायत,
तांडेल दर्याला शिव्या घालतोय,
त्या दिवशी हा ऐटीत चालत यायचा,
तोंडभर हसू:
"कायच नाय मेळ्ळें? बरें जालें."

अशा माणसाला कोण वाटा देईल?
पनवती म्हणाले. मी पण म्हटलंय,
आठ वर्षांची असताना, त्याला ऐकू जाईल असं.

फोटोत आजी त्याच्या मागे उभी आहे.
तिचा हात त्याच्या खांद्यावर आहे असंच
मी इतकी वर्षं धरून चालले.
काच निघाल्यावर दिसलं, टेकलेला नाही.
खांद्याच्या वर, नखभर अंतरावर, तसाच धरलेला.
सकाळपासून सुकी मासळी विकलेला हात
आणि खाली खळ घातलेलं पांढरं.
फोटोवाल्याने "हलू नका" म्हटल्यावर
किती वेळ तिने तो तसा पेलला असेल.

म्हापशाच्या दुकानातला पोरगा म्हणाला, मावशी,
कॉम्प्युटरवर सगळं नीट होतं.
मागे काय होतं ते सांगा, भरून देतो.
रिबिनीवर नाव घालू?
हा हात जरा खाली घेऊ?
ह्या मुलाचा एकच चेहरा ठेवू?

कारंजं घाल, म्हटलं.
पाणी थोडंच दाखव.